कानसेनची पत्रं

“बासरीला हा, ड्रमला तो आणि गळ्याला तिसराच! असं कसं चालेल?” संपादक फोनवर वैतागला होता. “लोकांना एकच सांगा. घ्यायचा कोणता?”

“एकच चप्पल घालून तुम्ही लग्नाला जाता आणि डोंगरही चढता का?” परीक्षक म्हणाला.

“बरं बाबा, लिहा तुम्हाला हवं ते. घरी सगळं ठीक?”

“घरी काय असणार? ठीकच.”

फोन ठेवून तो टेबलाकडे वळला. सकाळी कुरिअरने आलेलं खोकं तिथे नीट ठेवलेलं होतं. महागडे हेडफोन ऐकायचे आणि कोणता कशाला चांगला ते लिहायचं, हा त्याचा धंदा. साप्ताहिकातल्या त्याच्या सदराला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या काळात इतके हेडफोन डोक्यावरून गेले होते की मधोमध पट्टीपुरते केसच उडाले होते.

ऐकणं हे एकट्याचं काम. गाण्यातली एखादी जागा अशी उतरायची की कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. मान वर केली की समोर भिंत. टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि दार पाठीमागे. मग तो बशी झाकलेल्या कपातला गार चहा पिऊन टाकायचा आणि पुढचं गाणं लावायचा.

‘कानसेन’ या टोपणनावाने पहिलं पत्र सहा महिन्यांपूर्वी सदराच्या ईमेलवर आलं होतं.

“व्हायोलिनबद्दल तुम्ही चुकलात. ते हेडफोन व्हायोलिनला गोड नाहीत, चिरके आहेत. तुम्हालाही शंका आली असणार. तो तुकडा तुम्ही तीनदा तरी ऐकला असेल.”

तीनदाच ऐकला होता. परीक्षक खुर्चीत ताठ होऊन बसला. कान म्हणायचे की काय! हा नक्की कुणी म्हातारा वादक असणार, त्याने ठरवून टाकलं. पांढरे केस, भिंतभर तबकड्या आणि बोलायला कुणी नाही.

त्या दिवसापासून तो सदर लिहायचा ते कानसेनसाठी. दर आठवड्याला पत्र यायचं. पियानोचे खालचे सूर घुमतात, गाणारीचा श्वास ऐकू येतो, ड्रम जरा मागे राहतो. दहातली नऊ मतं अचूक असायची.

एक खोड मात्र होती. हेडफोन दोन जातींचे. काहींच्या कपांना बाहेरून जाळी असते. त्यातून आवाज मोकळा येतो आणि थोडा बाहेरही झिरपतो, म्हणजे जवळ उभ्या असलेल्याला अर्धं गाणं फुकट. दुसरे पूर्ण बंद. कानसेन फक्त जाळीवाल्यांबद्दल लिहायचा, बंद हेडफोनबद्दल अवाक्षर नाही. मोठ्या माणसांच्या तऱ्हा असतात, असं म्हणून परीक्षकाने ते सोडून दिलं.

हळूहळू तो कानसेनला भलतंच काही लिहू लागला. वरचे सूर हल्ली आपल्याला कमी ऐकू येतात. डॉक्टर म्हणाले, आणखी कमी होईल. “हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.”

“कुणालाच नाही? घरीही नाही?” कानसेनने विचारलं.

“घरी ऐकणारं कुणी नाही,” त्याने लिहिलं.

त्यावर चार दिवस उत्तर आलं नाही. परीक्षक कासावीस झाला. दर तासाला ईमेल उघडून बघायचा आणि कुणी पाहत तर नाही ना, या विचाराने स्वतःशीच ओशाळायचा. पाचव्या दिवशी दोन ओळी आल्या.

“मी हे गाव सोडायचं ठरवलंय. यापुढे पत्र येणार नाही.”

जगात एक माणूस त्याचं ऐकत होता आणि तोही चालला. त्याने लगेच लिहिलं, “असे जाऊ नका. एकदा भेटा. तुम्ही म्हणाल तिथे येतो.”

“लांब कशाला? गुरुवारी पाच वाजता, तुमच्याच घरी. अट एकच. हेडफोन काढून ठेवायचे.”

“ही काय अट झाली! पत्ता कळवू का?”

“माहीत आहे.”

साप्ताहिकाच्या कचेरीतून मिळाला असेल, असं त्याला वाटलं.

गुरुवारी त्याने दाराच्या खुंटीला लावलेला इस्त्रीचा शर्ट घातला. टेबल पुसलं. दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी बऱ्याच वर्षांत लागल्या नव्हत्या. साडेचारलाच सगळी तयारी झाली. आता वेळ जाईना.

टेबलावर नवं खोकं होतं. ज्यांची सगळीकडे चर्चा चालली होती ते बंद हेडफोन. एकच गाणं ऐकू, त्याने स्वतःला सांगितलं. पाच मिनिटांचं तर आहे.

हेडफोन चढवले आणि जग बंद झालं. पियानो असा आला की त्याचे डोळे भरले. पण पियानोवरून निकाल देता येत नाही; ड्रम ऐकायलाच हवा. आणि ड्रम ऐकला तर गळा का नाही? नऊ वर्षांची शिस्त होती. कानसेन आला की पहिलं हेच त्याला ऐकवायचं.

त्याने हेडफोन काढले तेव्हा पावणेसहा झाले होते.

शेजारची खुर्ची रिकामी होती. तो धावत दाराशी गेला. जिना रिकामा. आपण कुणाला तरी कायमचं घालवलं, हे त्याला दारातच कळलं. जड पावलांनी तो टेबलाशी परतला. कोपऱ्यात चहाचा कप होता, बशी झाकलेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कानसेनचं नवं पत्र होतं.

“पाचला आले होते. तुमच्या पाठीशी उभं राहून तीनदा ‘अहो’ म्हणून हाक मारली. या हेडफोनमधून बाहेर काहीच येत नाही, त्यामुळे यांच्याबद्दल मला काही सांगता यायचं नाही. चहा नेहमीसारखा झाकून ठेवलाय. कपाटातला माझा खण रिकामा केलाय, तुमचे शर्ट आता ऐसपैस मावतील.”