पातळ रक्त

"सिस्टर, हे रक्त आहे की गुलाबपाणी?" डॉक्टरांनी रिपोर्ट खाटेवर आपटला. "सलग चौथा नमुना पातळ! उद्याही सलाइन मिसळलं, तर तुमची बदली थेट धुलाईखोलीत."

सिस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बावीस वर्षांची नोकरी, आणि नियम झोपेतही पाठ: सलाइनची चाकी फिरवून बंद करायची, नळीतलं पहिलं, सलाइन मिसळलेलं रक्त ओढून टाकून द्यायचं, मग दुसऱ्या सिरिंजनं निव्वळ रक्त घ्यायचं. ती अगदी तस्संच करत होती. तरी नमुना पातळ तो पातळच. आणि रक्ताचा खरा आकडा कळल्याशिवाय खाटेवरच्या काकांच्या खुब्याचं ऑपरेशन होणार नव्हतं.

काका घरच्या जिन्यावरून गडगडले होते. खुबा मोडला, उजवा हात प्लास्टरात, जबडा तारेनं आवळलेला. डावा हात तेवढा मोकळा. त्यांच्या वतीनं बोलायला काकू होत्या, आणि दोघांच्या वाटचं त्याच बोलत. सकाळी आठला हजर. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी खुर्ची सोडत नसत.

"रागावू नका हो तिला," काकू डॉक्टरांना म्हणाल्या. "पण ह्यांना लवकर घरी न्यायचंय मला. घर खायला उठतं."

काकांनी डोळे घट्ट मिटले.

"बघा, गहिवरले!" सिस्टर नाक पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवं यंत्र आलं. करंगळीएवढं. नळीला जोडून दट्ट्या मागे ओढला, की पातळ रक्त त्याच्या पोटात जातं आणि सलाइनची वाट आपोआप बंद होते. नमुना घेतला, की पोटातलं रक्त परत अंगात. थेंब वाया नाही.

सिस्टरनं दट्ट्या ओढला, सिरिंज घ्यायला ट्रेकडे वळली आणि सहज मागे पाहिलं. काकांचा डावा अंगठा मानेजवळच्या नळीची चाकी हळूच उघडत होता.

"अस्सं! रोजचा चोर हा होय!" ती खो खो हसली. "फिरवा, फिरवा. आता सलाइन काही उतरायचं नाही. ऑपरेशनला एवढे घाबरता, काका? लहान मूल बरं!"

काकांनी तिचं मनगट धरलं. तिनं एकेक बोट सोडवलं.

नमुना चोख आला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चारचौघांत सिस्टरची पाठ थोपटली.

तीन आठवड्यांनी काका एका कुबडीवर दारापर्यंत आले. जबड्याची तार सुटायला अजून अवकाश होता. सिस्टरला पाहून त्यांचे डोळे भरून आले, तिचेही आले.

"तिसरा मजला ना हो काकू? जिन्यावर जपा बरं का ह्यांना."

"त्याची नको गं काळजी," काकू काकांची कॉलर सारखी करत म्हणाल्या. "मी असते ना अगदी पाठीमागे. त्या दिवशीही होतेच."