शेवटची टाळी

पोस्टरवर वितरकाने ठळक छापलं होतं, 'लेखक, दिग्दर्शक, नायक एकच! एकट्याने केलेला सिनेमा!' ते वाचून दिग्दर्शकाचं डोकंच फिरलं. "आणि माझी बायको काय माश्या मारत होती?" "साहेब, वहिनी गेल्या, वाईटच झालं. पण एकटा लढणारा माणूसच खपतो हो." तो तरातरा संकलनाच्या खोलीत शिरला. क्लॅपबोर्डऐवजी प्रत्येक शॉटआधी बायकोच कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची आणि पळत बाजूला व्हायची. नेहमीप्रमाणे त्या टाळ्या सिनेमातून कापल्या होत्या. त्याने शेवटची टाळी शोधली आणि सिनेमाच्या सुरुवातीला जोडली. पडद्यावर सलाईनच्या सुयांनी काळेनिळे पडलेले दोन हात आले. "पोट आत घ्या, हिरो!" म्हणत तिने टाळी वाजवली. वितरक मागून किंचाळला, "अहो, हे काढा! लोक हसतील!" "हसू देत," तो गरजला. "जन्मभर बाजूला पळाली ती. आता नाही पळणार."