शेषरावानं राग सोडला

वरणात मीठ नव्हतं.

शेषरावानं पहिला घास गिळला आन् हात ताटाच्या काठावरच थांबला. गोजरबाई, त्याची बायको, चुलीपाशी बसून त्याच्याकडंच बघत व्हती. एरवी असलं वरण पुढं आलं असतं तर ताट अंगणात गेलं असतं, आन् अंगणातून थेट शेजारच्या जळबाच्या गोठ्यात. शेषराव ओरडला की सेनगावला निघालेली जीप म्हणं अर्ध्यातून माघारी वळायची, कुणीतरी हाक मारली म्हणून.

पण कालच राखेचा बुधवार झाला व्हता. कपाळाला राख लागली तवा उपवासकाळासाठी कुणी मटण सोडलं, कुणी तंबाखू. शेषरावानं राग सोडला. फादरला वाटलं, हा चेष्टा करून राहिला.

चेष्टा नव्हती. गेल्या साली त्यानं मुन्नाला, एकुलत्या एका पोराला, भरल्या ताटावरून उठवलं व्हतं. मुन्ना पोटुशी बायकोला घेऊन नांदेडला गेला. तिकडं लेक झाली. या रागाच्या घरात माझं लेकरू आणणार न्हाई, असा त्याचा निरोप आला. शेषरावानं नातीचं तोंड बी पाह्यलं नव्हतं. देवा, मी राग सोडतो, तू नात दाव, एवढाच त्याचा सौदा.

वरण त्यानं निमूट वरपलं.

"आला का राग?" गोजरबाईनं विचारलं.

"आला व्हता. गेला."

ती भांडी घेऊन उठली आन् रोजच्यावानी माळावर गेली, जिथं रेंज लागती तिथं, बहिणीला फोन लावते म्हणून.

सैतान काही कच्चा गडी नव्हता. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातली, तर जळबाच्या बकऱ्या बराबर तिच्यातच शिरल्या. पिवळ्या पायांनी गावभर हिंडल्या. एकीचं दूध म्हणं आठवडाभर पिवळं निघत व्हतं. शेषरावानं काठी उचलली, दात खाल्ले, आन् 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं. प्रार्थना संपेपर्यंत बकऱ्या आपसूक निघून गेल्या. मग तो हळदीतल्या लेंड्या वेचत बसला.

पुढं शेषरावाच्या भुईमुगाची पाण्याची पाळी मोडून जळबानं पाणी आपल्या रानात वळवलं. शेषराव बांधावर आला तसा जळबा दोन पावलं मागं सरला. शेषरावानं त्याला चहाला बोलावलं. जळबाच्या हातातलं फावडंच गळून पडलं.

रागाचं असंच हाय, वापरला न्हाई तर गंजतो. शेषरावाला झोप लागायला लागली. संध्याकाळी तो बायबल घेऊन बसायचा, गोजरबाई बाजूला. नातीचं मागणं हळूहळू कमी झालं आन् आपलं काय चुकलं ते देवाला सांगणं वाढलं.

गुड फ्रायडे तोंडावर आला तवा दोघं कळमनुरीच्या बाजारात गेले. ऐन गर्दीत जळबा आडवा आला आन् चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "ज्याला सोताचं पोरगं सांभाळता आलं न्हाई, नात पाह्यता आली न्हाई, त्यानं चर्चमधी जाऊन काय करावं?"

भाजीवालीनं आपली टोपली अल्लद बाजूला ओढली. शेषरावाचा हात वर गेला. गोजरबाई पिशवी छातीशी धरून त्या हाताकडं बघत उभी.

हात खाली आला तो जळबाच्या खांद्यावर.

"खरं बोलला गड्या," शेषराव म्हणाला. "चूक माझी हाय. लेकराची न्हाई." आन् तिथंच, वांग्याच्या ढिगापाशी, तो पोरावानी रडला.

ईस्टरला गोजरबाईचे गुडघे धरले, म्हणून ती घरीच राहिली. शेषराव एकटाच गेला. सणाला तरी येईल म्हणून त्यानं वाट पाह्यली, पण मुन्ना चर्चमधी दिसला न्हाई. तरी तो मन लावून गात राहिला. देवावर बी रुसला न्हाई.

घरी आला तर अंगणात मुन्ना उभा, सून साधना उभी, आन् बाजेवर नात. मुन्ना पाया पडला. नातीनं आज्याची मिशी धरून ओढली, तसा शेषराव रडता रडता हसायला लागला.

जळबा दारापाशी अवघडून उभा व्हता. तो हळूच गोजरबाईकडं सरकला.

"वैनी, आता तरी मला मोकळं करा. माझं बकऱ्या सोडून झालं, पाणी तोडून झालं, तुमचं मुन्नाला रोज फोनवर सांगून झालं. बाजारात तुमी पाठ करून घेतलेलं बोलताना माझे पाय लटलटत व्हते."