सुभद्राबाईचं बीपी

“एकशेअठ्ठ्याहत्तर,” सुयांवाला डॉक्टर म्हणाला आणि त्याने सुभद्राबाईच्या दंडाचा पट्टा सोडला. “नाडी एकशेचार.”

“एवढ्यावर मी न्हाई नेत,” ऊसतोडीचा मुकादम रामेश्वर दारातूनच बोलला. “गेल्या साली एक बाई फडातच गेली. निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले. आन् एकट्या गड्याचा अर्धा कोयता मला चालत न्हाई, आश्रुबा. जोडी असंल तर गाडीत बस.”

आश्रुबाने बायकोकडे नाही, डॉक्टरकडे पाहिलं. “उतरंल का?”

“अर्धा तास द्या. उतरलं की तसा कागद देतो.”

तीन दिवस सुभद्राबाईने बीपीची गोळी घेतली नव्हती. सकाळी भाकरीवर मीठ थापून खाल्लं होतं. नेकनूरच्या एसटीसाठी मुद्दाम पळत आली होती. बीपी वर राहिलं तर ऊसतोड चुकणार होती आणि पंधरा वर्षांची लेक दिपाली शाळेत राहणार होती. दोघं तोडीला गेले तर तरणी पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून आश्रुबाने कडा गावातलं स्थळ बघून ठेवलं होतं.

डॉक्टरने मनगटाजवळ, गुडघ्याखाली, पायाच्या अंगठ्यापाशी सुया टोचल्या. पंखा लावला. “शांत पडा, मावशी. कसला विचार करू नका.”

तिने विचार केला. मुकादमाच्या शिव्या आठवल्या. सातव्या महिन्यात डोक्यावर घेतलेल्या मोळ्या आठवल्या. राग चढावा म्हणून दात आवळले. पण खाली गादी होती. कुणी हाक मारत नव्हतं. सुईत काय होतं ते डॉक्टर जाणे; या बाईला दिवसाउजेडी पाठ टेकायला मिळाली ती दिपालीच्या वेळच्या बाळंतपणानंतर आजच. ती घोरायला लागली.

“एकशेअठ्ठावीस. नाडी बहात्तर,” डॉक्टर खुशीत म्हणाला. “बघितली का सुईची कमाल?”

ती दचकून जागी झाली. “परत मोजा की, डॉक्टर.”

“कावून? लई चांगलं हाय की,” रामेश्वर हसला.

डॉक्टरने आकडा लिहिला, शिक्का मारला. आश्रुबा फोन कानाला लावून बाहेर गेला. आवाज आत येत होता.

“हां पाहुणे, जमलं. दिवाळीच्या आत उरकून टाकू.”

सुभद्राबाईची नाडी कानात ठोके देऊ लागली. डॉक्टर पट्टा गुंडाळून पेटीत ठेवत होता.