फक्त गिटार

बाहीचं बटण बायको लावून देते.

वर्षभरात चर्चच्या बँडने एकही नवं गाणं बसवलेलं नाही. मंडळींना जुनीच आवडतात म्हणे.

ड्रमवाला 'धडाम' पूर्वी चूक झाली की सगळ्यांदेखत टोकायचा. हल्ली चकार शब्द काढत नाही.

स्टेजवर प्रत्येकाच्या कानात इअरफोन. त्यात तालाची टिकटिक आणि आपापलं वाद्य. बाहेर सभागृहात काय ऐकू जातं ते देव जाणे, नाहीतर साउंड मिक्सरवर बसणारा मेहुणा.

मेहुणा नजरेला नजर देत नाही.

या सगळ्याचा गिटारवाल्याने एकच अर्थ काढला होता: आपल्याला गृहीत धरलंय. बँड उभा केला त्याने. बायकोला सुरात राहायला शिकवलं त्याने. आणि गेल्या रविवारी पास्टरांनी मंडळीसमोर भरभरून कौतुक केलं ते बायकोच्या आवाजाचं. त्याच्या वाट्याला दारात एक हस्तांदोलन आलं. "अगदी पूर्वीसारखं वाजवता हो तुम्ही!" म्हणजे इतक्या वर्षांत तसूभर पुढे गेला नाहीत, असंच ना?

आज तो दाखवणार होता. शेवटच्या गाण्यात मध्ये एक तुकडा होता. गाणं थांबतं, ड्रम थांबतात, फक्त गिटार. नेमका तिथेच तो हात काढून घेणार होता. पडू दे शांतता. कळू दे सगळ्यांना.

"अहो, हात इकडे करा," स्टेजमागच्या खोलीत बायको म्हणाली.

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर ऐकलं तरी असतंत."

धडाम खदखदला. "वहिनी, साहेबांचा पारा चढलाय आज."

"चढू दे. गाताना उतरेल."

"आणि मी नसलोच तर?" तो म्हणाला. "त्या मधल्या तुकड्याला काय कराल? टाळ्या वाजवाल?"

कुणी हसलं नाही. मेहुणा हातातली केबल गुंडाळत बाहेर निघून गेला. बायकोने बटण काजात घातलं आणि खाली बघतच म्हणाली, "असं नका बोलू."

घाबरली, त्याला वाटलं. बरं झालं.

शेवटचं गाणं सुरू झालं. 'रिकाम्या हातांनी आलो, प्रभू, भरून ने मला.' मंडळी उभी राहिली. त्याच्या कानात एक-दोन सूर फरपटले. हल्लीच्या तारांत दमच नाही, तो मनात म्हणाला. तारा गेल्याच आठवड्यात बदलल्या होत्या.

मग ड्रम थांबले. बायको माइकपासून मागे सरली आणि तिने डोळे मिटले.

त्याने हात उचलला आणि तारांवर सपाट ठेवून दिला.

कानात नुसती टिकटिक उरली. त्याने सावकाश वर पाहिलं. आता बायको दचकेल. आता पास्टर वळतील.

बायको डोळे मिटून डुलत होती. पहिल्या रांगेतल्या आजींचे हात वर होते. पास्टर रुमालाने डोळे टिपत होते. एवढ्या माणसांत एकाचीही मान वळली नाही.

त्याने एका कानातला इअरफोन उपटला.

सभागृह गिटारने भरलं होतं. स्वच्छ, सरळ, कुठेही न अडखळणारी. त्याने स्टेजवर इकडेतिकडे पाहिलं. दुसरी गिटार कुठेच नव्हती. त्याने मिक्सरकडे पाहिलं, तर मेहुण्याने मान आणखी खाली घातली. म्हणजे कुणाला तरी गुपचूप आणून वाजवून घेतलंय. आपल्या जागी. आपल्या पाठीमागे. आणि मेला वाजवतो कसा, किती सहज! असं वाजवणाऱ्या त्या माणसाइतका द्वेष त्याने आयुष्यात कुणाचा केला नव्हता.

बायकोने डोळे उघडले. तिला तारांवरचा सपाट हात दिसला. पुढची ओळ तिला उचलताच आली नाही.

दोन वर्षांपूर्वी, त्याची बोटं थरथरायला लागण्याआधी, तिने घरी सगळ्या गाण्यांचा सराव टिकटिकीवर रेकॉर्ड करून ठेवला होता आणि त्यात गिटार वाजवणारा तो स्वतः होता.