चिमणीचे दार

“थांबा सर, बाळाला पुसून घेते,” नवजात अतिदक्षता कक्षाच्या दाराआडून परिचारिका म्हणाली.

त्याला हसू आले. काचेच्या पेटीतल्या लेकीला तो रोज चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगे. मात्र दुरुस्त करून. पावसात भिजणाऱ्या कावळ्याला बाळाच्या आंघोळीसाठी, तिटीसाठी ताटकळत ठेवणे तर्काला धरून नव्हते. त्याची चिमणी पहिल्याच हाकेला दार उघडायची.

त्याने पुन्हा दार वाजवले.

“थांबा सर, अंगडं घालते.”

“सिस्टर, तुम्ही जुनीच गोष्ट सांगताय!”

दार उघडले, तेव्हा यंत्रे बंद होती. परिचारिकेच्या हातांत दुपट्यात गुंडाळलेली लेक निश्चल होती, आणि तिच्या गालावर काजळाची तीट होती.

बायकोने आणलेली काजळाची डबी नियमानुसार बाहेरच ठेवून घेतली होती. संसर्गाचा धोका त्यानेच तिला समजावला होता. आता तो धोका उरला नव्हता.

“अहो, उघडलं का दार?” मागच्या बाकावरून बायकोने विचारले.

आत पाऊल टाकून त्याने दार लोटले.

“थांब,” तो म्हणाला, “बाळाला टोपडं घालू दे.”