कामावर निघताना

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब पुरुषांना म्हणाले, "कामावर निघण्याआधी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत जा. घराला बापाचा आशीर्वाद लागतो."

शमुवेलच्या मनाला ते फार लागलं. शहागडला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. दिवसभर ट्रकच्या टायरांशी झटून घरी आला की तो कुणाशी धड बोलत नसे.

सोमवारी सकाळी त्यानं साबणानं घासून घासून हात धुतले. बायको, मार्था, भाकरी थापत होती. दहा वर्षांची करुणा खाली बसून दप्तर भरत होती. तो लेकीसमोर जाऊन उभा राहिला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यानं नुसताच हात वर उचलला, डोळे मिटले आणि मनात म्हणाला, 'प्रभू, माझ्या लेकराला सांभाळ.'

हात खाली आला, तेव्हा तळव्याला पदर लागला. त्यानं डोळे उघडले.



पिठाच्या हातांनी करुणाला पाठीमागं ढकलून मार्था मान खाली घालून उभी होती.

"तिला न्हाई," ती म्हणाली, "मला मारा."